सम्प आणि ओव्हरफ्लोचं प्लंबिंग: मोटर सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात दहाव्या मजल्यावर हॉलमध्ये समुद्री टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या मासे-कोरलचा काचेचा टँक, करायचा आहे, ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच. खालच्या कॅबिनेटमध्ये ३ फुटी सम्प बसेल, म्हणजे वरून सांडलेलं पाणी जमून मोटरीने परत वर जाते ती टाकी. मोटर घेऊन झाली आहे. तिच्या डब्यावर ताशी ५००० लिटर आणि कमाल उंची ३ मीटर असं छापलंय. टँक बनवणारा म्हणतो कोपऱ्यात एक भोक पुरे. प्लंबर म्हणतो सीपीव्हीसीचे पाइप वापरू, ते जास्त मजबूत. काच अजून कापलेली नाही. पाइप किती इंची, भोकं किती, आणि वीज गेली तर काय होईल?

काच कापायच्या आधी विचारलंत याचा मला खरोखर आनंद झाला. मी गेली अठरा वर्षं पुण्यात टँक बसवतोय, आणि माझ्याकडे येणारे बहुतेक लोक भोक पाडून, पाइप चिकटवून, पहिल्यांदा फरशी ओली झाल्यावर येतात. तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

माझ्या स्वतःच्या पहिल्या सम्पचंही तसंच झालं होतं. वर चढणाऱ्या पाइपचं तोंड मी पाण्याच्या बरंच खाली ठेवलं होतं, वाळूवर छान प्रवाह मिळावा म्हणून. वीज गेली की पाणी उलटं येऊ नये यासाठी मध्ये एक चेक व्हॉल्व्ह टाकला होता. सात-आठ महिने तो नीट चालला. जूनमधल्या एका वादळी रात्री वीज गेली, व्हॉल्व्हच्या झडपेत एक बारीक शंख अडकलेला होता, आणि सकाळी मी उठलो तेव्हा हॉलभर खारं पाणी होतं. खालच्या घरातल्या छताला डाग पडला. त्या काकूंनी एका शब्दानेही बोलून दाखवलं नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्यानंतर मी कुठल्याही टँकचा आराखडा वीज गेल्याच्या क्षणापासून सुरू करतो. मोटर चालू असताना सगळंच चालतं. प्लंबिंगची परीक्षा मोटर बंद पडते तेव्हा होते, आणि पाइप तुंबतो तेव्हा. तुमच्या टँकचा हिशोबही त्याच क्रमाने मांडतो.

तुमच्या टँकचा तळ साधारण १२० बाय ६० सेंटीमीटर, म्हणजे ७२०० चौरस सेंटीमीटर. पातळी १ सेंटीमीटरने हलली की ७.२ लिटर पाणी हललं. हा आकडा कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, तो जन्मभर लागतो. सम्प ९० बाय ४० धरला तर त्याचा १ सेंटीमीटर म्हणजे ३.६ लिटर. वरचा एक सेंटीमीटर खालचे दोन सेंटीमीटर खातो.

वीज गेली की वरून खाली चार ठिकाणांहून पाणी येतं. पहिलं, सांडव्यावरचा थर, म्हणजे टँकमधलं पाणी ज्या कडेवरून सांडून खाली जातं तिच्यावरचा. धरणाच्या सांडव्यावरून पाणी वाहतं तेव्हा ते कडेच्या थोडं वर असतं, तसंच टँकमध्येही असतं. मोटर थांबली की तेवढा थर खाली उतरतो. दुसरं, परतीच्या पाइपचं, म्हणजे सम्पमधून पाणी वर आणणाऱ्या पाइपचं तोंड. ते पाण्यात बुडालेलं असेल तर मोटर बंद होताच पाइप सायफन बनतो आणि तोंड उघडं पडून हवा शिरेपर्यंत टँक खाली ओढत राहतो. तिसरं, ओव्हरफ्लोच्या पेटीतलं पाणी, म्हणजे सांडलेलं पाणी ज्या पेटीत जमून उतरत्या पाइपात शिरतं तिच्यातलं. चौथं, पाइपांत उभं असलेलं पाणी.

सांडव्याची रुंदी इथे फार महत्त्वाची ठरते. ताशी सव्वादोन हजार लिटर प्रवाह धरू. कोपऱ्यातल्या १५ सेंटीमीटरच्या दातेरी पेटीवरून तेवढं पाणी जायला थर जवळजवळ पावणेतीन सेंटीमीटर लागतो, कारण दात अर्धी वाट अडवतात. म्हणजे नुसत्या थराचेच २० लिटर. हीच पेटी ४० सेंटीमीटर रुंद केली तर थर दीड सेंटीमीटरवर येतो, ११ लिटर. मागच्या काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, बिनदाताची कड ठेवली तर थर अर्ध्या सेंटीमीटरपेक्षाही कमी, फक्त ३ लिटर. कड जितकी रुंद तितका पृष्ठभागावरचा तेलकट पापुद्राही चांगला ओढला जातो, ते वेगळंच. पण बिनदाताच्या कडेवरून मासे जातात. तुम्ही ४० सेंटीमीटरची दातेरी पेटी घ्या, दोन दातांमधली फट ६ ते ८ मिलिमीटर ठेवायला सांगा.

आता बेरीज करू. थराचे ११ लिटर. परतीचं तोंड सांडव्याच्या कडेच्या २ सेंटीमीटर खाली ठेवलं तर आणखी १४. पेटीतले ४. पाइपांतले ३. एकूण ३२ लिटर, म्हणजे सम्पमध्ये साधारण ९ सेंटीमीटर चढ. सम्प ४० सेंटीमीटर उंच आणि चालू असतानाची पातळी २२-२३ असेल तर वीज गेल्यावर पाणी ३२ वर थांबेल. वर ८ सेंटीमीटर कोरडी काच राहील. उत्तम.

परतीचं तोंड मात्र १० सेंटीमीटर खाली ठेवलंत तर एकट्या त्याचेच ७२ लिटर, एकूण ९०. सम्प २५ सेंटीमीटर चढायला बघेल, त्याला जागा आहे १७ सेंटीमीटरची, आणि २५-३० लिटर फरशीवर येतील. बाकी सगळं तेच आणि तोंडाची खोली तेवढी बदललेली. म्हणून पाइपवर पाण्याच्या जरा खाली ४-५ मिलिमीटरचं भोक पाडून सायफन तोडायची जी युक्ती सगळे सांगतात, ती करा, पण तिच्यावर घर सोपवू नका. ते भोक शेवाळाने आणि गुलाबी चुनखडी शेवाळाने बुजतं. चेक व्हॉल्व्हचं तर मी वर सांगितलंच. खरी राखण तोंडाच्या खोलीची. वाळूवर प्रवाह हवा असेल तर टँकमध्ये वेव्हमेकर, म्हणजे पाणी आतल्या आत ढवळणारा छोटा पंप, लावा, ते काम परतीच्या पाण्याचं नाही.

आता उलटी बाजू, जी लोक सहसा मोजतच नाहीत. खाली येणारा पाइप पूर्ण तुंबला आणि मोटर चालूच राहिली तर? मोटर ज्या कप्प्यात आहे तो रिकामा होईपर्यंत ती पाणी वर फेकणार. तेवढं पाणी मावायला वर जागा हवी. शेवटचा कप्पा २० बाय ४० सेंटीमीटरचा आणि मोटरीच्या तोंडावर १८ सेंटीमीटर पाणी असेल तर साडेचौदा लिटर वर जातील, म्हणजे २ सेंटीमीटर. सांडव्याची कड टँकच्या वरच्या कडेपासून ५ सेंटीमीटर खाली ठेवा. दीड सेंटीमीटर थर गेला, उरले साडेतीन, म्हणजे २५ लिटरची जागा. भागलं. टँक काठोकाठ भरलेला दिसावा म्हणून काही जण सांडवा कडेच्या २ सेंटीमीटर खालीच घेतात. दिसायला सुंदर असतं हे मान्य, पण दहाव्या मजल्यावर मी तसा टँक बसवून देणार नाही.

याला एक फाटा आहे, आणि तो मला एका गिऱ्हाईकाच्या घरी शिकायला मिळाला. समुद्री टँकमध्ये बाष्पीभवनाने पातळी घटते ती फक्त शेवटच्या कप्प्यात, कारण बाकी कप्प्यांची पातळी काचांनी बांधलेली असते. म्हणून तिथे सेन्सर लावून गोडं पाणी आपोआप भरायची सोय करतात. आता पाइप तुंबला, कप्प्यातली पातळी पडली. सेन्सरला वाटतं बाष्पीभवन झालं, आणि तो साठ्याच्या कॅनमधून पाणी ओततच राहतो. मोटर ते वर फेकत राहते. त्या घरी साठ्याचा कॅन ४० लिटरचा होता. पाणी सांडलं ते सांडलंच, टँकची क्षारताही पडली, त्यामुळे दोन कोरल गेले. तुमच्या हिशोबात साडेचौदा लिटर गेल्यावर वर १० लिटरची जागा उरते. म्हणजे एक तर कॅन १० लिटरचा ठेवा, नाहीतर ठरावीक मिनिटांनंतर स्वतःहून बंद होणारा कंट्रोलर घ्या. एप्रिलमध्ये टँकवर पंखा लावला की दिवसाला ५-७ लिटर सहज उडतात, त्यामुळे १० लिटरचा कॅन रोज बघावा लागेल. मी कंट्रोलर घेईन.

आता भोकं. टँकवाल्याचं "एक भोक पुरे" कृपा करून ऐकू नका. एक भोक म्हणजे एकच वाट, आणि ती बंद झाली की दुसरी नाही. या छंदात पाणी उतरवायच्या तीन पद्धती रूढ आहेत आणि तिन्ही ज्यांनी लोकप्रिय केल्या त्यांच्या नावाने ओळखल्या जातात.

डुर्सो पद्धतीत पाइपच्या डोक्यावर हवेचं बारीक भोक असतं, पाणी पाइपच्या भिंतीवरून घसरत उतरतं आणि मध्ये हवा असते. सोपी, समजायला सरळ, पण १ इंची पाइपला ताशी दोन हजार लिटरच्या पुढे नेलं की गुळण्या केल्यासारखा आवाज सुरू होतो. हॉलमध्ये कोणी झोपत असेल तर पंधरा दिवसांत घरचे टँक विकायला सांगतील.

हर्बी पद्धतीत दोन पाइप. पहिला पूर्ण भरून वाहतो, त्यात हवेला जागाच नसते. त्याच्या खालच्या टोकाला व्हॉल्व्ह असतो, आणि तो इतका आवळायचा की पेटीतलं पाणी पाइपच्या तोंडाच्या वर स्थिर राहील. हवा नाही म्हणून आवाज नाही. दुसरा पाइप वर कोरडा उभा, संकटासाठी.

बीनॲनिमल पद्धतीत तीन पाइप. पहिला पूर्ण सायफन, व्हॉल्व्ह लावलेला. दुसरा उघडा, त्यातून थोडीशीच धार भिंतीला चिकटून शांतपणे उतरते. मोटरीचा वेग जरा इकडेतिकडे झाला तरी फरक हा दुसरा पाइप पोटात घेतो. त्याच्या डोक्यावर हवेची बारीक नळी असते, आणि पेटीतलं पाणी वाढून ती नळी बुडाली की हा पाइपही सायफन बनून पूर्ण ताकदीने ओढायला लागतो. तिसरा कायम कोरडा.

तुम्ही तीन भोकं पाडा. नव्या टँकला दोन भोकं जास्त पाडायला काही तासच जास्त लागतात, भरलेल्या टँकला ती कधीच पाडता येत नाहीत. १ इंची पूर्ण सायफन तुमच्या उंचीच्या फरकावर, एक-दोन वळणं धरूनही, ताशी ३००० लिटरच्या वर नेतो. म्हणजे पहिला आणि दुसरा पाइप १ इंची पुरे. तिसरा सव्वा इंची घ्या. या तिसऱ्यावर व्हॉल्व्ह, जाळी, काहीही बसवायचं नाही. एकट्या त्याने मोटरीचं सगळं पाणी उतरवलं पाहिजे. त्याचं खालचं टोक सम्पच्या पाण्याच्या वर, उघडं ठेवा. त्यातून पाणी पडायला लागलं की धबधब्यासारखा आवाज होतो आणि शेजारच्या खोलीतही कळतं की वरची वाट तुंबली आहे. तो आवाज हवाच, तो दाबू नका.

पहिल्या पाइपचं खालचं टोक मात्र सम्पच्या पाण्यात फक्त १ ते २ सेंटीमीटर बुडवा. वीज परत आली की पाइपमध्ये अडकलेली हवा वरून येणाऱ्या पाण्याला खालच्या टोकातून बाहेर ढकलावी लागते. टोक १५ सेंटीमीटर बुडालेलं असेल तर ती हवा निघत नाही, सायफन धरत नाही, आणि प्रत्येक वेळी वीज आल्यावर पाणी तिसऱ्या पाइपने कोसळत राहतं. माझ्याकडे "सगळं बरोबर आहे पण चालू करताना गोंधळ होतो" अशी तक्रार आली की मी आधी करवत घेऊन हा पाइप कापतो. बहुतेक वेळा तेवढंच लागतं.

पेटी कुठे करायची? मी आता नव्या टँकला तळाला भोक पाडत नाही. मागच्या काचेत वरच्या अंगाला भोकं घेतो. आत चार-पाच सेंटीमीटर जाडीची दातेरी पेटी, काचेच्या बाहेर मागे दुसरी मोठी पेटी, आणि तिन्ही पाइप त्या बाहेरच्या पेटीतून उतरतात. एखादं वॉशर गळलं तरी टँक रिकामा होत नाही, भोकाच्या वरचं पाणी तेवढं जातं. यासाठी भिंत आणि टँक यांच्यात १५ ते २० सेंटीमीटर जागा सोडावी लागेल. बाहेरच्या पेटीची वरची कड टँकच्या कडेच्या बरोबरीने आहे ना, हे फुटपट्टी लावून बघा. ती खाली असेल तर आपण मोजलेली २५ लिटरची जागा कागदावरच राहते, पाणी मागच्या मागे भिंतीवर सांडतं.

भोक पाडायच्या काचेबाबत टँकवाल्याला आधीच स्पष्ट सांगा की टफन्ड काच नको, साधी फ्लोट काच हवी. टफन्ड काचेला ड्रिल लागलं की तिचे तुकडे तुकडे होतात. हिरा लावलेला होल सॉ, मागून चिकटपट्टी, सतत पाणी आणि हाताचा जोर अजिबात नाही. काचेच्या कडेपासून निदान भोकाच्या व्यासाएवढं अंतर सोडायचं. आणि टँक कनेक्टर, म्हणजे काचेच्या भोकात पाइप बसवायचा जोड, हातात आल्याशिवाय भोकाचं माप ठरवायचं नाही. १ इंची कनेक्टर म्हणजे १ इंचाचं भोक असं नसतं. बहुतेकांना ४० मिलिमीटरच्या पुढचं भोक लागतं, आणि दोन कंपन्यांचे कनेक्टर सारखे नसतात. रबरी वॉशर कॉलरच्या बाजूला, म्हणजे पाण्याच्या बाजूला, एकच. नट हाताने आवळा आणि वर पाव फेरा. पाना लावून जोर केला की वॉशर बाहेर सरकतं आणि तिथूनच गळतं. सिलिकॉन फासायची गरज नाही.

आता तुमच्या प्लंबरचा मुद्दा. सीपीव्हीसी मजबूत आहे हे तो बरोबर सांगतोय, पण ती मजबुती गरम पाण्यासाठी. आपल्याला गिझर जोडायचा नाही. अडचण वेगळीच आहे: त्याच्या १ इंची पाइपचा आतला व्यास साधारण २३ मिलिमीटर असतो, पांढऱ्या प्लंबिंगच्या यूपीव्हीसी १ इंची पाइपचा २६ च्या आसपास. तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण वाट जवळजवळ पाव भागाने अरुंद होते. शिवाय शेतीच्या पाइपलाइनचा राखाडी ३२ मिलिमीटरचा पाइपही काउंटरवर "एक इंची" म्हणूनच मिळतो, आणि त्याचा बाहेरचा व्यास प्लंबिंगच्या पाइपपेक्षा थोडा कमी असल्याने तो पांढऱ्या एल्बोत सैल बसतो. सोल्युशनने तो चिकटेलही, पण टिकणार नाही. पाइप, एल्बो, टी, युनियन (हाताने उघडता येणारा जोड) सगळं एकाच जातीचं, शक्यतो एकाच कंपनीचं, एकाच दुकानातून घ्या, आणि सोल्युशनही त्याच जातीचं. सीपीव्हीसीचं आणि यूपीव्हीसीचं सोल्युशन वेगळं असतं.

यापेक्षाही महत्त्वाचं: पितळ नको. आपल्याकडे प्लंबर आटे असलेल्या प्रत्येक जोडाला पितळेची चकती बसवलेलं फिटिंग देतो, कारण नळासाठी तेच चांगलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात तांबं हळूहळू सुटत राहतं, आणि कोरल, झिंगे, शंख, खेकडे यांना ते अत्यंत थोड्या प्रमाणातही मारतं. मासे ठीक दिसतात, बाकीचं एकेक जातं, आणि माणूस महिनोन्‌महिने पाण्याच्या चाचण्या करत बसतो. प्रत्येक फिटिंग उलटं करून आत बघा, पिवळी कडी दिसली तर परत करा. गेट व्हॉल्व्हच्या बाबतीत हा घोळ जास्त होतो. पहिल्या पाइपची बारीक जुळणी करायला गेट व्हॉल्व्हच हवा. बॉल व्हॉल्व्ह एका चिमटीत पुढे सरकतो आणि नेमकी जागा सापडत नाही. पण हार्डवेअरच्या दुकानात गेट व्हॉल्व्ह मागितला तर पितळी मिळतो. प्लॅस्टिकचा मागवून घ्या, चार-आठ दिवस थांबावं लागलं तरी थांबा. स्प्रिंग आणि स्क्रूही बघा. साधं लोखंड गंजतं.

मांडणीचं थोडक्यात सांगतो. जिथे काटकोनी एल्बो येतो तिथे शक्य असेल तर ४५ अंशांचे दोन वापरा, पाणी शांत वळतं. उतरत्या पाइपला आडवा लांब तुकडा देऊ नका, तिथे हवा अडकते. प्रत्येक उतरत्या पाइपवर सम्पच्या वर एक युनियन ठेवा, म्हणजे सम्प बाहेर काढताना करवत लागणार नाही. मोटरीनंतर लगेच एक वीतभर मऊ सिलिकॉन नळी, मग युनियन, मग बॉल व्हॉल्व्ह, मग कडक पाइप. मऊ नळीमुळे मोटरीची थरथर कॅबिनेटला पोचत नाही. सगळं आधी कोरडं जोडून बघा, मार्करने प्रत्येक जोडावर आडवी रेघ मारा, मगच सोल्युशन लावून पाव फेरा देत रेघा जुळवा आणि तीसेक सेकंद धरून ठेवा. पाणी चोवीस तासांनी.

सम्पच्या आतल्या कप्प्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत म्हणून एवढंच सांगतो: स्किमरच्या (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणाऱ्या यंत्राच्या) कप्प्याची पातळी तुमच्या स्किमरच्या पुस्तिकेत दिली असेल त्याच उंचीला काचेने बांधा, आणि स्किमर वर उचलून बाहेर काढायला कॅबिनेटमध्ये डोक्यावर जागा आहे का ते टेपने मोजा. मोजलं नाही तर स्किमर साफ करायला टँक रिकामा करायची वेळ येते.

आता मोटर. तुम्ही सुरुवात तिथून केली होती, मी शेवटी येतोय. सम्पमधून पाणी दर तासाला टँकच्या तीन ते पाचपट फिरलं की पुरतं. तुमच्या टँकमध्ये काठोकाठ ४३० लिटर, वाळू-दगड वजा जाता ३७०-३८० लिटर पाणी असेल, म्हणजे ताशी ११०० ते १९०० लिटर. वर आपण २२५० धरून हिशोब केला, तो मुद्दाम सैल. डब्यावरचा ५००० हा आकडा शून्य उंचीचा आहे. तुमच्याकडे पाण्यापासून पाण्यापर्यंत सव्वा मीटरच्या आसपास चढ आहे, वर वळणांचा विरोध. ३ मीटर कमाल उंचीच्या मोटरीकडून तिथे साधारण निम्मं, म्हणजे अडीच हजारांच्या आसपास मिळेल. बॉल व्हॉल्व्ह थोडा आवळून ते दोन हजारांवर आणा. मोटरीचा बाहेरचा प्रवाह आवळला तर चालतो, आत येणारा कधीही आवळू नका. म्हणजे तुमची खरेदी वाया गेली नाही. वेग कमीजास्त करता येणारी डीसी मोटर असेल तर आणखी सोपं.

आकड्यावर विश्वास ठेवायचा नसेल, आणि ठेवूही नका, तर परतीच्या तोंडाखाली २० लिटरची बादली धरा. ३६ सेकंदांत भरली तर ताशी २००० लिटर.

विजेचं एक वाक्य, पण ते मनावर घ्या: सम्पच्या वरच्या बाजूला एक्स्टेन्शन बोर्ड टांगू नका, तो शेजारच्या कप्प्यात न्या, प्रत्येक वायर प्लगच्या खाली एकदा झोळीसारखी लोंबू द्या म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळीत थेंबथेंब गळेल, आणि या सगळ्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या. खारं पाणी आणि वीज एकाच कपाटात आहेत, घरात मुलं आहेत.

आणि वजन. पाणी, काच, दगड, कॅबिनेट, सम्प मिळून ६५० ते ७०० किलो पाऊण चौरस मीटरवर येतात. राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो चालता भार (माणसं-सामानाचा) धरून काढलेला असतो, तोही खोलीभर पसरलेला. टँक बीमला लागून, भिंतीच्या कडेला येईल असा बघा आणि सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा जागा दाखवा. हे मी अंदाजाने सांगणार नाही.

सगळं जोडून झालं की मीठ घालायच्या आधी दोन दिवस नळाच्या पाण्यावर चालवा. हे दोन दिवस सोडून देणारे लोक मला सगळ्यात जास्त भेटतात. पहिल्या दिवशी मोटर चालू करून गेट व्हॉल्व्ह हळूहळू आवळा, पेटीतली पातळी पहिल्या पाइपच्या तोंडावर स्थिरावेपर्यंत आणि दुसऱ्यातून फक्त बारीक धार जाईपर्यंत. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर पाच मिनिटं थांबा. मग मेन स्विच बंद करा. सम्प कुठे थांबतो तिथे लाल मार्करने रेघ मारा. परत चालू करा. मिनिटा-दोन मिनिटांत पहिला पाइप हवा ओकून शांत झाला पाहिजे. असं पाच वेळा करा, कारण पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज पाच वेळा जाऊ शकते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाइपचं तोंड ओल्या फडक्याने गच्च बुजवा आणि बघत राहा. दुसरा पाइप सायफन धरतो का, तिसऱ्यातून आवाज येतो का. मग दुसराही बुजवा. आता एकटा तिसरा आहे, आणि टँकची पातळी कडेच्या खाली स्थिर राहिली पाहिजे. शेवटी तिन्ही बुजवून मोटर कप्पा कोरडा करेपर्यंत थांबा, मोटरीचा आवाज बदलला की लगेच बंद करा. पाणी वर कुठपर्यंत आलं ते बघा. आपण कागदावर कडेच्या दीड सेंटीमीटर खाली धरलंय.

चालू असतानाची पातळी शेवटच्या कप्प्यावर निळ्या मार्करने आखा. पाणी बदलाल तेव्हा सम्प या निळ्या रेघेच्या वर कधीही भरायचा नाही, घरात दुसरं कोणी भरणार असेल तर त्यालाही ती रेघ दाखवून ठेवा. महिन्यातून एकदा गेट व्हॉल्व्हचे किती फेरे उघडलेत ते मोजून तो पूर्ण उघडा, मिनिटभर पाणी जोरात जाऊ द्या म्हणजे आत चिकटलेली घाण आणि बारीक शंख वाहून जातील, आणि तेवढेच फेरे परत आवळा. पेटीचं माप आणि मागे किती जागा सोडता येते ते कळवा, तिन्ही कनेक्टर कसे बसतात ते काच कापायला देण्याआधी एकदा आखून बघू.